तुमच्या खोक्यातली रंगपट्टी

गोरेपणाची क्रीमं बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांच्या जाहिराती लिहिणाऱ्या महोदयांस,

पत्राला मायना लागतो म्हणून 'महोदय' लिहिलं आहे. 'स. न. वि. वि.' मात्र गाळलं, कारण तुमच्याविषयी नमस्कार माझ्या मनात नाही आणि जे मनात नाही ते या पत्रात येणार नाही.

मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या असतात आणि तुमचं गिऱ्हाईक नेमकं याच वयात तयार होतं. तुमच्या कामाचा नफा तुमच्या कार्यालयात मोजला जातो. त्या कामाचा परिणाम माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर, ओढणी हनुवटीपर्यंत ओढून बसलेला असतो. उत्तर येत असूनही तो हात वर करत नाही, कारण हात वर केला की सगळा वर्ग वळून चेहऱ्याकडे बघतो. म्हणून हे पत्र मी लिहायला घेतलं.

तुमच्यावर खोटा आरोप करणार नाही. काळ्या रंगाचा तिटकारा तुम्ही जन्माला घातला नाहीत. तो आमच्या घरांत तुमच्या आधीपासून होता. गरोदर सुनेला केशर घातलेलं दूध पाजायचं, बाळ जन्मलं की आधी मुलगा का मुलगी आणि लगेच 'रंग कुणावर गेलाय' हे विचारायचं, पोरीला 'चहा पिऊ नकोस, काळी होशील' म्हणून दटावायचं, हे आमच्या आज्या-पणज्यांनी केलं. पंढरीच्या सावळ्या देवासमोर डोकं टेकवून घरी आलेल्या माणसांनी सावळ्या मुलीची स्थळं परत पाठवली. वर्तमानपत्रांतल्या वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष' हे शब्द पिढ्यान् पिढ्या छापले गेले. डाळीचं पीठ, साय, हळद, मसुराचं उटणं, सगळं होतं. हा दोष आमचा आहे आणि तो आम्हालाच धुवावा लागेल.

तरीही तुमच्या आधी आणि तुमच्या नंतर, यांत एक फरक पडला. तो इतका शांतपणे पडला की त्यावर कुणी बोटसुद्धा ठेवलं नाही. पूर्वी सावळेपण नशिबाचं होतं. मुलीला बोल लागायचे, हुंडा वाढायचा, तिची आई देवाला दोष द्यायची. पण रंग तिला मिळालेला होता, तिने केलेला नव्हता. तुम्ही बाजारात आलात आणि रंग हा प्रयत्नाचा विषय झाला. औषध दुकानात आहे, स्वस्त आहे, अमुक आठवड्यांत फरक दिसतो असं खोक्यावरच छापलंय, मग ही पोरगी अजून काळी कशी? नक्कीच लावत नसेल, उन्हात उंडारत असेल, स्वतःची काळजी घेत नसेल. कालपर्यंत जी अभागी होती, ती तुमच्यामुळे आळशी ठरली. समाजाने तिच्यावर केलेल्या अन्यायाचं बिल तुम्ही तिच्याच नावावर फाडलंत.

हे तुम्ही कशाने साधलंत? क्रीमने नाही. क्रीम हे निमित्त. तुम्ही ते साधलंत खोक्यावरच्या आणि खोक्यातल्या त्या रंगपट्टीने. माझ्या पिढीतल्या बायकांना ती आठवत असेल. एकाच मुलीचे चेहरे ओळीने छापलेले, डावीकडे सर्वांत गडद आणि दुर्मुखलेला, उजवीकडे सर्वांत उजळ आणि हसरा. आरशासमोर उभं राहायचं, पट्टी गालाला लावायची, आपला चेहरा कितवा ते ठरवायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचं. ताप मोजावा तसा रंग मोजायला तुम्ही मुलींना शिकवलंत. ज्या वयात मुलीला आपली उंची वाढलेली, आवाज बदललेला, बुद्धी धारदार झालेली कळायला हवी, त्या वयात तिच्या हातात तुम्ही एकच मोजमाप दिलंत आणि त्या मोजमापाच्या कोणत्या टोकाला हसू आहे तेही छापून दिलंत.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. मुंबईत पाटणवालांची 'अफगाण स्नो' त्याच्या कितीतरी आधीपासून होती, त्यामुळे चेहऱ्याला क्रीम फासणं नवं नव्हतं. नवं होतं ते शास्त्राचं पाठबळ. तुमच्या क्रीमचा आधार नायासिनामाइड, म्हणजे 'ब' जीवनसत्त्वाच्या कुटुंबातला एक रेणू. तो विषारी नाही, त्याचे काही चांगले उपयोगही आहेत. तो नेमकं काय करतो ते मी बारावीला शिकवते, तुम्हालाही ठाऊक आहे. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळजवळ सारखीच. फरक असतो तो त्या पेशी मेलॅनिनचे कण किती आणि केवढे बनवतात यात. हे कण शेजारच्या पेशींत जातात आणि तिथल्या केंद्रकावर पसरून उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्याचं रक्षण करतात. नायासिनामाइड कणांच्या या प्रवासाचा वेग थोडा कमी करतं. लावणं थांबवलं की प्रवास पूर्ववत सुरू होतो. म्हणजे उजळपणा आलाच तर तो थोडका, आणि तोही क्रीम विकत घेत राहाल तोवरच. जन्मभराचं गिऱ्हाईक याच गुणधर्मावर उभं आहे. आमच्या दख्खनच्या उन्हात ज्या कातडीने हजारो वर्षं माणसांना सांभाळलं, तिला तुम्ही आजार ठरवलंत आणि त्या आजारावर कधीच पूर्ण न होणारा उपचार विकलात.

जाहिरातींबद्दल बोलू. २००३ सालच्या आसपासची तुमची ती हवाई सुंदरीची जाहिरात टीव्हीवर सतत लागायची. घरात पैशाची ओढाताण, बाप उसासा टाकतो की मुलगा असता तर बरं झालं असतं, सावळी मुलगी ते ऐकते. मग क्रीम येतं, मुलगी उजळते, हवाई सुंदरी होते आणि बापाला हॉटेलात कॉफी पाजते. एका मिनिटाच्या आत तुम्ही तीन गोष्टी शिकवल्यात: मुलगी असणं हे नुकसान आहे, सावळी मुलगी असणं हे दुप्पट नुकसान आहे, आणि हे नुकसान भरून काढणं शिक्षणाचं काम नसून ट्यूबचं आहे. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, सरकारने डोळे वटारले आणि जाहिरात तुम्हाला मागे घ्यावी लागली. २००३ सालीच तुम्ही क्रीमच्याच नावाने प्रतिष्ठान काढून मुलींना शिष्यवृत्त्या द्यायला लागलात. ज्या मुलींना ती मदत मिळाली त्यांच्याविषयी मला आनंद आहे, त्यातल्या कित्येकींचं शिक्षण त्यामुळे झालं असेल. पण मुलीच्या आत्मविश्वासाला सुरुंग लावणारं नाव तिच्या शिष्यवृत्तीच्या कागदावरही असावं, ही कल्पना ज्या बैठकीत मंजूर झाली, त्या बैठकीत एखादी सावळी मुलगी बसली होती का, हे मला खरोखर विचारायचं आहे.

तुमच्या बाजूने बोलणारे मोठे लोक होते, तेही सांगायला हवं. गरिबांच्या बाजारपेठेचे प्रख्यात अभ्यासक सी. के. प्रल्हाद यांनी अ‍ॅलन हॅमंड यांच्याबरोबर २००४ साली लिहिलेल्या लेखात हे क्रीम वापरणाऱ्या एका झाडूवाल्या तरुणीचं उदाहरण दिलं. परवडणारी वस्तू तिच्या हाती आली, निवड तिच्या हाती आली, म्हणून ती सक्षम झाली, असा त्यांचा सूर होता. प्रल्हाद यांच्याच मिशिगन विद्यापीठातल्या अनिल करनानी यांनी २००७ साली त्याला सविस्तर उत्तर दिलं. पूर्वग्रहाच्या दबावाखाली केलेली खरेदी म्हणजे सक्षमता नव्हे आणि अशा जागी नफा व लोकहित एका दिशेने जात नाहीत, हे त्यांनी तुमच्याच क्रीमचं उदाहरण घेऊन दाखवलं. मी करनानींच्या बाजूची आहे. झाडूवालीला उन्हात काम करायला टोपी, रबरी हातमोजे, पुरेसा पगार आणि भरपगारी सुट्टी द्या, मग तिच्या सक्षमतेबद्दल बोलू. तिच्या मजुरीतून काढलेल्या पैशांत तिला तिच्याच कातडीची लाज विकायची आणि त्याला निवड म्हणायचं, हे पटायला माणसाला पगार तुमच्याकडून मिळायला हवा.

२००४ सालचीच आणखी एक गोष्ट. जी जागतिक कंपनी आमच्या मुलींना उजळ व्हायला सांगत होती, तिच्याच 'डव्ह' साबणाने त्या वर्षी खऱ्या सौंदर्याची मोहीम सुरू केली. वेगवेगळ्या वयांच्या, बांध्यांच्या, वर्णांच्या बायका फलकांवर झळकल्या आणि त्यांना सांगितलं गेलं की आहात तशा सुंदर आहात. मालक एकच. एका फळीवर जखम विकायची आणि शेजारच्या फळीवर फुंकर विकायची. तुम्हाला सत्य ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच त्या मोहिमेने ठेवली नाही.

मग २०२० उजाडलं. फेब्रुवारीत केंद्र सरकारने फसव्या औषधी जाहिरातींच्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारा मसुदा काढला, त्यात त्वचा गोरी करण्याच्या दाव्यांवर कैद आणि लाखांतला दंड प्रस्तावित होता. मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जगभर माणसं रस्त्यावर उतरली. जूनच्या अखेरीला तुम्ही जाहीर केलं की नावातला 'फेअर' जाणार. जुलैत 'ग्लो अँड लव्हली' हे नवं नाव आलं. रंगपट्टी आणि दुहेरी चेहऱ्याचं चित्र त्याच्या आधीच्या वर्षी खोक्यावरून उतरवलं होतं. वर्षानुवर्षं आमच्या बायका, लेखिका, कार्यकर्त्या, चेन्नईतून 'डार्क इज ब्युटिफुल'ची मोहीम चालवणाऱ्या बाया, अभिनेत्री नंदिता दास, ओरडून सांगत होत्या. तुमच्या कानापर्यंत आवाज पोचला तो मिनियापोलिसहून. बरं, नाव बदललं. माफी मागितलीत? ज्यांनी तुमची पट्टी गालाला लावून वयाची दहा-दहा वर्षं घालवली, त्या बायकांना उद्देशून एक तरी ओळ लिहिलीत? मी शोधली. मला सापडली ती 'सर्वसमावेशक सौंदर्या'ची भाषा.

आणि आता तुमच्या बचावाकडे येते, कारण त्यातच तुमचं सगळं तत्त्वज्ञान आहे. पुरुषांसाठीच्या गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध दिल्लीतल्या एका ग्राहकाने २०१३ साली तक्रार केली होती. एकोणऐंशी रुपयांची ट्यूब घेतली, सांगितल्याप्रमाणे लावली, गोरा झालो नाही, एवढंच त्याचं म्हणणं. २०२४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या ग्राहक मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि इमामी कंपनीला सुमारे पंधरा लाख रुपये भरायला सांगितले. तिथे कंपनीने काय सांगितलं होतं? की त्याने क्रीम नीट वापरलं हे सिद्ध झालेलं नाही. परिणाम दिसायला पौष्टिक आहार, व्यायाम, चांगल्या सवयी, स्वच्छ राहणी हेही लागतं. मंचाने विचारलं, हे खोक्यावर कुठे लिहिलंय? महोदय, न्यायासनासमोर तुम्ही जे बोललात तेच गेली पन्नास वर्षं आमच्या मुलींच्या मनात बोलत आला आहात. फरक पडला नाही ना? मग चूक तुझी आहे. तुझं जेवण, तुझी सवय, तुझं उन्हात जाणं. त्या पुरुषाने हे ऐकून अकरा वर्षं खटला लढवला. माझ्या विद्यार्थिनींनी हेच ऐकून दुसरी ट्यूब आणली.

दुसऱ्या ट्यूबनंतर तिसरी येते आणि तिसरी बहुधा तुमची नसते. तिथून पुढचा रस्ता काळोखाचा आहे आणि त्या रस्त्यावर मुलींना आणून सोडलंय तुम्ही. मोठ्या कंपनीच्या क्रीमने फरक पडला नाही की मैत्रीण कानात सांगते, मेडिकलमधून अमुक मलम आण, चार दिवसांत उजळशील. ते असतं खाजेवरचं स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल. चार दिवसांत चेहरा खरंच उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरुमं येतात, गालावर लव वाढते, आणि बंद करावं तर चेहरा आगीसारखा भडकतो, म्हणून पुन्हा लावायचं. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा २०१८ साली सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आमच्या गावच्या बाजारपेठेत ती चिठ्ठी कोण मागतं?

त्याच्याही पुढे पाऱ्याच्या डब्या आहेत. पारा रंगद्रव्य बनायलाच अडवतो, म्हणून चेहरा झपाट्याने पांढरा पडतो. आणि तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळायला आपल्याकडे बंदी आहे, नकळत राहिलाच तर दशलक्षात एक भाग एवढीच मुभा. तरी डब्या येतात, बिनपत्त्याच्या, परदेशी अक्षरांच्या, पार्लरमधून हातोहात. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण एकाएकी जास्त दिसू लागले. त्यांनी नोंदवलेल्या पंधरांपैकी तेरा जण गोरेपणाची क्रीमं लावत होते. आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढत नेला तो चेहऱ्याला लावायच्या क्रीमपर्यंत आणि त्यातल्या पाऱ्यापर्यंत. हा पारा तुमच्या कारखान्यातला नाही, हे मला माहीत आहे. पण पाऱ्याच्या डबीपर्यंत चालत गेलेल्या मुलीला घराबाहेर पडायचं कारण तुमच्या पट्टीने दिलं होतं.

मूत्रपिंड बिघडलं की निदान अहवाल येतो. जे बिघडतं आणि ज्याचा अहवाल येत नाही, ते मी रोज बघते.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळी मुलींची खो-खोची आणि कबड्डीची तालीम चालते. अकरावीत संघ भरलेला असतो. बारावीच्या दिवाळीनंतर मुली गळायला लागतात. अभ्यासाचं कारण सांगतात, ते थोडं खरंही असतं. खोदून विचारलं की घरातलं वाक्य बाहेर येतं: 'उन्हात रापलीस, आता पुरे, पुढे बघायला येतील.' नाशिकच्या सावरपाड्याच्या डोंगरात धावत मोठी झालेली कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत आणि आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदकं घेऊन आली. तिला उन्हातून घरात बसवलं असतं तर? माझ्या गावातल्या अशा किती मुली घरात बसवल्या गेल्या, त्याची नोंद कुठल्याच पदकतालिकेत नाही. ज्या मैदानावर राहतात, त्या पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातमोजे आणि डोळेच काय ते उघडे ठेवणारा स्कार्फ बांधून स्कूटीवरून येतात. ऊन बाधू नये म्हणून बांधला असता तर मला काहीच म्हणायचं नव्हतं. पण आमच्या उन्हाळ्यात तो स्कार्फ संध्याकाळी सहानंतरही सुटत नाही.

फोटोचं सांगते. परीक्षेच्या अर्जासाठी पासपोर्ट फोटो काढायला मुलगी स्टुडिओत जाते. फोटोग्राफर न विचारताच चेहरा दोन छटा उजळ करतो, त्याला वाटतं आपण उपकार करतोय. छापील फोटोत चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या रंगाची. प्रवेशपत्र तपासायला मी उभी असते, तेव्हा ती फोटोवर बोट ठेवून धरते. मुलगी स्वतःच्या ओळखपत्राला लाजते. लग्नाच्या स्थळांसाठी पाठवायच्या फोटोत तर याहून पुढचं होतं. मग मुलगा प्रत्यक्ष बघायला येतो, कांदेपोह्यांची बशी हातात असताना त्याच्या आईची नजर फोटो आणि मुलगी यांच्यामध्ये फिरते, आणि दोन दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप येतो. त्या दोन दिवसांत त्या घरात काय बोललं जातं ते तुमच्या बाजार-संशोधनात येतं का? मला वाटतं येतं. म्हणूनच तुमच्या इतक्या जाहिरातींत पाहुणे बघायला यायचे.

गेल्या काही वर्षांत हा रोग एकट्या रंगावर थांबलेला नाही. मुलीच्या शरीराचा एकेक भाग उचलायचा, त्याला दोष ठरवायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि उपाय विकायचा, ही तुमची रीत आता सगळ्यांनी उचलली आहे. पोट सपाट करणारा चहा आहे, ओठ भरणारी सुई आहे, मोबाइलच्या कॅमेऱ्यात तर गोरं करणं आपोआप होतं, मुलीने मागितलेलंही नसतं. लग्नाआधी 'ग्लो'साठी शिरेतून ग्लूटाथायोन चढवून घेणाऱ्या नवऱ्या मुली आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिल्या नाहीत. या सगळ्यांना मी वेगळी पत्रं लिहीन. पहिलं पत्र तुम्हाला, कारण शाळा तुमची.

तुम्ही म्हणाल, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, कर्तबगार बाईला याचं काही वाटत नाही. कमकुवत मनाच्या मुलींचा हा प्रश्न आहे. मार्च २०२५ मध्ये केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी जाहीरपणे लिहिलं, ते वाचा. त्यांच्या आधी त्याच पदावर त्यांचे पती होते. दोघांच्या कारभाराची तुलना करताना कुणीतरी त्यांच्या काळ्या रंगावर घसरलं. राज्याच्या प्रशासनाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या बाईंनी तेव्हा आपली एक जुनी आठवण सांगितली: चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, मला परत पोटात घालून गोरी आणि सुंदर करून बाहेर काढशील का? आपण पुरेशा चांगल्या नाही हे मनात घेऊनच आपण पन्नासहून अधिक वर्षं जगलो, आणि काळ्या रंगात सौंदर्य बघायला आपल्याला आपल्या मुलांनी शिकवलं, असं त्यांनी लिहिलं. भारतीय प्रशासकीय सेवेची परीक्षा ज्या ओझ्याला हलवू शकली नाही, ते ओझं माझ्या बारावीतल्या मुलीने स्वतःच्या बळावर फेकून द्यावं, अशी अपेक्षा करायला मला तोंड नाही. तुम्हाला तर नाहीच.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. खोक्याच्या दर्शनी बाजूला, ब्रँडच्या नावाएवढ्याच अक्षरांत, मराठीत आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत छापा की या क्रीमने त्वचेचा मूळ रंग बदलत नाही. १९७५ पासूनच्या तुमच्या सगळ्या जाहिराती एका ठिकाणी लोकांना बघायला खुल्या करा, म्हणजे आमच्या मुलींना आयांच्या मनात काय भरलं गेलं ते कळेल. स्टेरॉइडने चेहरा जळालेल्या मुलींच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञांचं मानधन तुमच्या नफ्यातून जाऊ द्या, आणि त्या विभागाच्या दारावर तुमचं नाव लावू नका.

यातलं काही होईल अशी मी वाट बघत बसणार नाही. येत्या सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत बारावीच्या मुली आपल्या, आपल्या आईच्या, वहिनीच्या कपाटातल्या ट्यूबा आणि डब्या घेऊन येणार आहेत. भिंग लावून आम्ही मागची बारीक अक्षरं वाचणार आणि प्रत्येक घटकासमोर तो नेमकं काय करतो ते फळ्यावर लिहिणार. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती लेखी तक्रारीसह जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल. जिच्या हातात स्टेरॉइडचं मलम निघेल, तिला मी स्वतः त्वचारोगतज्ज्ञांकडे नेणार आहे, कारण ते मलम आपल्या मनाने एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. खुर्ची ठेवली आहे. मुलींनी प्रश्न लिहून दिले आहेत, त्यातले तीन आधीच कळवते, म्हणजे तयारी करून येता येईल. जाहिरातीतल्या मुलीचा 'आधीचा' चेहरा रंगवून काळा केलेला असायचा का? क्रीम लावून फरक पडला नाही तर पैसे परत का देत नाही? आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीने, वर्गात कधी हात वर न करणाऱ्या मुलीने, चिठ्ठीवर लिहून दिलेला: तुमच्या क्रीमने गोरी झालेली एक मुलगी बरोबर आणाल का, मेकअप न करता, दिवसाच्या उजेडात?

प्रात्यक्षिक सकाळी अकराला सुरू होतं.

कळावे,
जीवशास्त्राची एक शिक्षिका